थेंब निसटावा की पसरावा? प्लास्टिकवरील प्लाझ्मा प्रक्रियेची ओळख

अळवावरचे पाणी आपण सर्वांनीच पाहिले आहे. अळूच्या पानावर मेणाचा थर व डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. त्यामुळे थेंब गोल राहतो आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. हाच गुण प्लास्टिकला देण्यासाठी कारखान्यात प्लाझ्मा प्रक्रिया वापरतात. मात्र शेतीत हा गुण कोठे उपयोगी व कोठे नुकसानकारक, हे समजून घेणे आवश्यक आहे.

स्पर्शकोन

थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्यास स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांपेक्षा कमी असल्यास पाणी पसरते, जास्त असल्यास थेंब उभा राहतो. साध्या पॉलिथिनवर हा कोन सुमारे ९५ ते १०० अंश, टेफ्लॉनवर सुमारे ११० अंश, तर कमळाच्या पानावर १५० अंशांहून अधिक असतो. गुळगुळीत पृष्ठभागावर केवळ रसायन बदलून सुमारे १२० अंशांपलीकडे जाता येत नाही. त्यापुढे अळूसारखा सूक्ष्म खडबडीतपणाच लागतो.

प्लाझ्मा प्रक्रिया

बंद पेटीतील विरळ वायूत उच्च दाबाची वीज सोडली, की वायूचे कण विद्युतभारित होऊन तो चमकू लागतो. ट्यूबलाइटमध्ये हेच घडते. अशा वायूला लँगम्युअर या शास्त्रज्ञाने १९२८ साली 'प्लाझ्मा' हे नाव दिले. हे कण प्लास्टिकच्या अगदी वरच्या थरातच बदल घडवतात. आतील प्लास्टिक तसेच राहते.

परिणाम वायूवर अवलंबून असतो. ऑक्सिजन किंवा हवा वापरल्यास पाणी पसरते. कार्बन टेट्राफ्लोराइडसारखा फ्लोरिनयुक्त वायू वापरल्यास पाणी निसटते. पॉलिथिनवर छपाईची शाई टिकावी म्हणून कारखान्यात हवेतच विजेची 'कोरोना' प्रक्रिया करतात. तीही याच जातीची आहे.

पॉलिहाउसमध्ये उलट गरज

रात्री फिल्म थंड होते व आतील बाष्प तिच्यावर जमते. साधी फिल्म पाणी पसरू देत नाही, म्हणून थेंब तयार होऊन पिकावर पडतात. पाने-फुले ओली राहिल्याने केवडा, बोट्रायटिस यांसारखे रोग वाढतात. शिवाय थेंबांमुळे सकाळचा प्रकाशही कमी मिळतो.

म्हणून आतील बाजूस पाणी पसरवणारा पृष्ठभाग हवा. थेंबरोधक (अँटिड्रिप) फिल्ममध्ये त्यासाठी विशिष्ट द्रव्ये मिसळलेली असतात. त्यामुळे पाण्याचा पातळ पापुद्रा होऊन ते उताराने कडेला वाहते. पाणी निसटवणारा गुण बाहेरील बाजूस चालतो, आत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) रोलवरील 'आतील बाजू' ही खूण पाहूनच फिल्म लावावी. बाजू उलटी झाल्यास थेंबरोधक गुणाचा लाभ मिळत नाही.

२) खूण पुसट असल्यास चाचणी घ्यावी. पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यावर फिल्मचा तुकडा तिरका ताणून बांधावा. काही वेळाने खालच्या बाजूस थेंब दिसतात की पापुद्रा, हे पाहावे. मग तुकडा उलटून पुन्हा पाहावे. पापुद्रा होणारी बाजू आत घ्यावी.

३) फिल्म ताणून बसवावी. झोळ पडल्यास तेथे पाणी साचून ठिबकते.

४) आतील बाजू साबणाने किंवा ब्रशने घासू नये.

५) सकाळी बाजूचे पडदे उघडून दमट हवा बाहेर जाऊ द्यावी. थेंबरोधक द्रव्ये कालांतराने धुऊन जातात, त्यामुळे जुन्या फिल्मखाली वायुवीजनाकडे अधिक लक्ष द्यावे.

प्लाझ्माने दिलेला थर अत्यंत पातळ असतो व घासल्याने झिजतो. त्यामुळे फिल्म फाटण्यापासून वाचत नाही. उन्हापासून संरक्षणासाठी अतिनील किरणरोधक फिल्मच घ्यावी. 'पाणी न धरणारी' फिल्म म्हणून कोणी काही विकत असेल, तर पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा गुण कोणत्या बाजूला आहे?