जगाच्या आधी येशू होता का?



आपल्या मिरजेच्या धर्मशिक्षण वर्गात एका मुलाने विचारले, "फादर, येशू बेथलेहेमात जन्मला, मग जग निर्माण झाले तेव्हा तो कुठे होता?" प्रश्न मोलाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’तही पहिले पुराण जुन्या कराराचे, येशूचे चरित्र दुसऱ्यात. म्हणून काही ख्रिस्त दुसऱ्या भागात सुरू होत नाही.

‘येशू’ हे नाव आणि मानवी देह बेथलेहेमच्या काळातले. देवपुत्र मात्र सनातन आहे. संत योहान (१:१-३) त्याला ‘शब्द’ म्हणतो, सारे त्याच्याद्वारे झाले असे सांगतो. अब्राहामाच्याही आधी (योहान ८:५८) येशू स्वतःविषयी ‘होतो’ म्हणत नाही, ‘आहे’ म्हणतो. व्याकरणाच्या मास्तरांनी लाल रेघ मारली असती! ऐकणाऱ्यांनी मात्र दगड उचलले. त्यांना अर्थ कळला होता.

‘आधी’ म्हणजे किती वर्षे, असे विचारता येत नाही. काळही देवानेच निर्माण केला, असे संत ऑगस्टीन शिकवतात.

आरियसने पुत्राला देवाची पहिली निर्मिती मानले. ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेने ते नाकारले. तो निर्मिती असता, तर क्रुसावर देव स्वतः आला नसता, दुसऱ्याच कोणाला पाठवले असते.

या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून योहान १७:५ वाचा. तिथे येशू स्वतः पित्याशी याविषयी बोलतो.