हातातला कॅमेरा : भिगवणचे पाणी, कडबनवाडीचा माळ आणि बेलवाडीचे रिंगण

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्याच्या शिवारात दूरवर पसरले. हिवाळ्यात पातळी उतरून उथळ चिखलवट उघडी पडू लागली, की भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पट्टकदंब, चित्रबलाक, सुरय, कुरव यांचीही दाटी होते. हे वैभव पाहावयास व छायाचित्रांत साठवावयास येणाऱ्यांना स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून पाण्यावर घेऊन जातात.

छायाचित्रकाराची खरी अडचण होडीतच सुरू होते. लांब पल्ल्याच्या जड भिंगाला तिवईचा आधार हवा, हा आजवरचा पाठ. परंतु तिवईचे पाय होडीच्या तळावर रोवले, तर होडीचा प्रत्येक हेलकावा तिवईतून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. शिवाय अरुंद होडीत ती पसरण्यास जागा नसते. येथे कॅमेरा हातातच धरावा लागतो. सहाशे मिलिमीटर नाभीय अंतराचे, मोठ्या छिद्राचे भिंग सुमारे तीन किलोग्रॅम भरते. ते अर्धा तास डोळ्याशी धरून ठेवणे धडधाकट माणसासही कठीण.

या अडचणीवर लहान संवेदकाचे आरसाविरहित कॅमेरे हा एक उपाय आहे. ऑलिंपस आणि पॅनासोनिक या जपानी कंपन्यांनी २००८ मध्ये ‘मायक्रो फोर थर्ड्‌स’ ही पद्धती जाहीर केली. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यास दिसे आणि छायाचित्र घेताना आरसा वर उचलला जाई. नव्या पद्धतीत आरसाच नाही. संवेदकावर पडलेली प्रतिमा दृश्यदर्शकातील छोट्या पडद्यावर दिसते. यातील संवेदक सुमारे १७ × १३ मिलिमीटर असतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा पूर्ण संवेदक ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ चौपट.

लहान संवेदकाने ‘पल्ला दुप्पट होतो’ असे विक्रेते सांगतात. हे अर्धेच खरे आहे. तीनशे मिलिमीटरचे भिंग तीनशेचेच राहते. संवेदक लहान असल्याने चौकट आखूड होते आणि मोठ्या संवेदकावर सहाशेच्या भिंगातून जेवढे दृश्य दिसेल, तेवढेच येथे दिसते. मग मोठ्या संवेदकावरील छायाचित्राचा मधला भाग कापून घेतला तर काय बिघडले? हिशेब करून पाहावा. ४५ दशलक्ष बिंदूंच्या मोठ्या संवेदकाचा मधला चतुर्थांश कापला, तर सुमारे ११ दशलक्ष बिंदू उरतात. लहान संवेदकावर तेवढ्याच जागेत २० दशलक्ष बिंदू असतात. दूरच्या पक्ष्याच्या पिसांचा तपशील या जादा बिंदूंत टिपता येतो. आणि तीनशेचे, एफ/४ छिद्राचे असे भिंग सव्वा किलोग्रॅमच्या आसपास भरते.

दुसरा लाभ स्थिरीकरणाचा. संवेदक चुंबकीय बलाने तरंगता ठेवलेला असतो. हाताचा कंप मोजून तो तत्काळ उलट दिशेस सरकविला जातो. हलका संवेदक हलविणे तुलनेने सोपे, म्हणून या कॅमेऱ्यांत ही सोय विशेष प्रभावी ठरली आहे. जुन्या ठोकताळ्याप्रमाणे सहाशेच्या दृश्यकोनास शटरचा वेग १/६०० सेकंद तरी हवा. बसलेल्या बगळ्याचे छायाचित्र आता १/१०० सेकंदासही स्पष्ट मिळू शकते. मात्र नवशिके येथेच फसतात. स्थिरीकरण हाताचा कंप थांबविते, पक्ष्याचे पंख थांबवीत नाही. रोहित उडू लागला, की १/२००० सेकंदाखेरीज निभाव लागणे कठीण.

कवड्या धीवर, म्हणजे काळापांढरा खंड्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबतो आणि क्षणात खाली सूर मारतो. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो, तोवर पक्षी पाण्यात गेलेला असतो. काही कॅमेऱ्यांत यावर युक्ती आहे : बटण अर्धे दाबून ठेवले, की कॅमेरा सतत छायाचित्रे घेत व जुनी टाकून देत राहतो; बटण पूर्ण दाबताच त्यापूर्वीची काही छायाचित्रेही जपली जातात. ही सोय असेल तर धीवरासाठी ती अवश्य वापरावी.

आता या साऱ्याची किंमत. तीनशेच्या एफ/४ भिंगाचे प्रवेशछिद्र ७५ मिलिमीटरचे, तर सहाशेच्या एफ/४ भिंगाचे १५० मिलिमीटरचे. दुप्पट व्यास म्हणजे चौपट प्रकाश. वजनात जी बचत झाली ती काचेतून झाली, आणि काच कमी झाली तसा प्रकाशही कमी झाला. लहान संवेदकावर ३२०० संवेदनक्षमतेस जेवढे दाणे उमटतात, तेवढे समान तंत्राच्या मोठ्या संवेदकावर साधारण १२,८०० ला उमटतात. भिगवणच्या लख्ख सकाळी याची झळ लागत नाही. स्वच्छ उन्हात २०० संवेदनक्षमता व एफ/४ छिद्र ठेवले, तर शटरचा वेग १/३२०० सेकंदापर्यंत जातो. उडत्या पक्ष्यास तो पुरून उरतो.

झळ लागते ती माळावर. वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा ही या माळाची खरी संपदा. पैकी लांडगा व तरस यांची गाठ बहुधा झुंजुमुंजूला किंवा दिवस मावळता पडते, आणि नेमका तेव्हाच प्रकाश आटलेला असतो. गवताच्याच रंगाचा लांडगा गवतात उभा राहिला, तर लहान संवेदकावर पार्श्वभूमी पुरेशी धूसर होत नाही आणि प्राणी तिच्यात हरवतो. मागील गवत प्राण्यापासून बरेच दूर असेल अशा क्षणाची वाट पाहणे, हाच त्यातल्या त्यात मार्ग. या वेळेसाठी मोठा संवेदक सरस, हे मान्य करावे. ऊन चढल्यावर मात्र तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरू लागते. तेव्हा कितीही मोलाचे भिंग असले तरी दूरचा चिंकारा पाण्यात पाहावा तसा डळमळीत उमटतो.

वन्यजीवांकडून खेळांकडे वळताना या भागात सर्वप्रथम आठवते ते रिंगण. श्रीसंत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यात काटेवाडीस मेंढ्यांचे, तर पुढे बेलवाडी व इंदापूर येथे अश्वांचे गोल रिंगण होते. हा खेळ म्हणजे भक्तीचाच आविष्कार. परंतु छायाचित्रकारापुढील प्रश्न मैदानी खेळाचेच असतात. पताकाधारी, तुळशीवृंदावन घेतलेल्या महिला, विणेकरी धावून जातात आणि मग अश्व सुटतात. भोवती वारकऱ्यांची भिंत असते. तिवई लावणे म्हणजे कोणाच्या तरी पायांत अडथळा घालणे. आषाढीपूर्वीचे आभाळ भरून आलेले असते. भर उन्हाच्या मानाने प्रकाश आठव्या हिश्श्यावर आला, तरी एफ/२.८ छिद्राच्या ४०–१५० मिलिमीटर भिंगाने ४०० संवेदनक्षमतेस १/१६०० सेकंद मिळतो. दौडत्या अश्वास तो पुरेसा आहे. वेग चित्रात दिसावा असे वाटल्यास शटर १/६० सेकंदावर आणून अश्वाबरोबर कॅमेरा फिरवीत न्यावा. दहांतले एक छायाचित्र साधले तरी समाधान मानावे.

निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर चिंकाऱ्याजवळ उपयोगी, परंतु त्यात संवेदक ओळीओळीने वाचला जातो. वाचनाचा वेग कमी असेल तर अश्वाचे पाय तिरपे आणि फलंदाजाची बॅट वाकलेली दिसते. जत्रेतील कुस्त्या विजेच्या दिव्यांखाली लागल्या, तर चित्रावर आडवे पट्टेही उमटतात. अशा वेळी कॅमेऱ्यात यांत्रिक शटर असल्यास तेच वापरावे.

होडीतील एक गोष्ट राहिली. उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून होडी थव्यात घालण्याचा आग्रह काही पाहुणे धरतात. खाण्यासाठी उतरलेल्या पक्ष्यांना वारंवार उडावे लागले, तर त्यांची शक्ती खर्ची पडते आणि ते ती जागा सोडतात. त्या जागेवरच होडीवाल्याची हंगामाची मिळकत अवलंबून असते. हलक्या भिंगाचा लांब पल्ला येथे खऱ्या अर्थाने कामी येतो. यंत्र दुरूनच बंद करण्यास होडीवाल्यास सांगावे, सूर्य पाठीशी राहील अशी होडी वळवून घ्यावी, कोपरे छातीशी टेकवून बसावे. चिखलात चोची घालून खाणारे रोहित वाऱ्याकडे तोंड करून माना वर काढू लागले व पुढे चालू लागले, तर ते उडण्याच्या बेतात आहेत असे समजून होडी तेथेच थांबवावी.