पाटीवरची अक्षरं

प्रश्न : वडिलांची अँजिओप्लास्टी जनआरोग्य योजनेतून नाशिकमध्येच करायची आहे. फुकटात चांगला डॉक्टर मिळेल का?

उत्तर : योजनेशी करार रुग्णालयाचा असतो, डॉक्टरची पदवी त्यानं बदलत नाही. पाटीवर ‘डीएम’ किंवा ‘डीएनबी कार्डिओलॉजी’ शोधा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यावर डीएम आणखी तीन. नुसतं ‘हृदयरोगतज्ज्ञ’ लिहिलं असेल तर बेलाशक विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. बायपास मात्र शल्यविशारदाचं काम, तिथं ‘एमसीएच’ हवं. नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येते. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालयही विचारात घ्या. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. छातीत आत्ता दुखत असेल तर मात्र हे सगळं नंतर, आधी १०८.