गावच्या सेवाभावी माणसांचा गौरव

(इयत्ता ४ थी व ५ वी, परिसर अभ्यास : शिक्षकांसाठी पाठाची रूपरेषा)

पाठाचा हेतू



आपल्या शाळांतून वर्षाकाठी सत्काराचे प्रसंग पुष्कळ येतात. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होतो, देणगीदारांचा होतो, बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यांचाही होतो. शाल, श्रीफळ आणि पुष्पहार यांची आपणांस इतकी सवय जडली आहे की, हा मान कोणत्या कामाबद्दल दिला जात आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुले मात्र पाहत असतात. ज्यांच्या गळ्यात आपण हार घालतो, तीच माणसे मोठी, असे ती मनाशी ठरवितात. म्हणून सत्कार हाही एक पाठच होय. तो चांगला दिला जातो की वाईट, एवढाच प्रश्न उरतो.

प्रस्तुत पाठाचे हेतू तीन आहेत :

(१) वेतनाची वा मानाची अपेक्षा न ठेवता गावाचे काम करणारी माणसे मुलांना ओळखता यावीत.
(२) त्यांच्या कामाची नेमकी नोंद करण्याची सवय मुलांना लागावी.
(३) खरा गौरव म्हणजे त्या कामातील काही भार आपण उचलणे, ही जाणीव त्यांच्या मनात रुजावी.

प्रस्तावना : एक चुकलेली यादी

हा पाठ मला का सुचला, ते प्रथम सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहान गावच्या शाळेत नवा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. विहीर शाळेपासून दूर होती. शाळेच्या शेजारी राहणारी एक वृद्धा उन्हाळ्याच्या दिवसांत रोज सकाळी मुलांच्या पिण्याचा रांजण भरून ठेवीत असे. तिला कोणी तसे सांगितले नव्हते, आणि तिचे नातवंडही शाळेत नव्हते.

त्या वर्षी शाळेला एक नवी खोली मिळाली व उद्घाटनाचा समारंभ ठरला. सत्कारमूर्तींची यादी मी माझ्या हाताने लिहिली. तीत चौदा नावे होती. समारंभ यथासांग पार पडला. पाहुण्यांसाठी पाणी त्या आजींनीच भरले आणि त्या मागे भिंतीला टेकून बसल्या. पाहुणे गेल्यावर तिसरीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, आजीचे नाव का नाही घेतले?"

मजजवळ उत्तर नव्हते. आजींना मी विसरलो होतो असेही नव्हते. त्यांचे काम 'काम' म्हणून माझ्या डोळ्यांस दिसलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो, तो रांजण नेहमीसारखा भरलेला होता.

ही हकीकत शिक्षकांनी वर्गात सांगावी, किंवा आपल्या अनुभवातील अशी एखादी सांगावी. शिक्षक आपली चूक मोकळेपणाने सांगतो, तेव्हा मुले अधिक लक्ष देऊन ऐकतात.

भाग पहिला : नागपूरच्या दोन परिचारिका

(हा भाग मुलांना गोष्टीच्या रूपाने सांगावा.)

सुमारे शंभर वर्षांपूर्वी नागपूर हे मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या राजधानीचे शहर होते. शहर मोठे असले तरी बाळंतपणे बहुधा घरीच होत. बाळंतिणीची खोली अंधारी व कोंदट असे. हात स्वच्छ धुवावेत, नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी तेव्हा सर्वांना ठाऊक नव्हत्या. अस्वच्छ हातांमुळे बाळंतिणीस ताप येई आणि अस्वच्छ हत्यारामुळे नवजात बालकास धनुर्वात होई. कितीतरी माता आणि बालके अशी दगावत. दवाखान्यात जाण्यास बहुसंख्य स्त्रिया धजत नसत.

अशा काळात कमलाताई होस्पेट या तरुण स्त्रीने परिचारिकेचे शिक्षण घेतले. त्यांचा जन्म १८९६ सालचा. लग्न बालपणी झाले आणि लहान वयातच वैधव्य आले. त्या काळी अशा स्त्रीने घराच्या एका कोपऱ्यात आयुष्य काढावे, अशी रूढी होती. परिचारिकेचा व्यवसायही समाजात हलका मानला जाई. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात हे शिक्षण पूर्ण केले आणि १९२१ साली वेणूताई नेने या आपल्या सहकारिणीसह मातृसेवा संघाची स्थापना केली. आरंभ एका लहानशा प्रसूतिगृहाने झाला. हळूहळू त्याच्या शाखा निघाल्या. पुढे समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही उभी राहिली. १९६१ साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री ही पदवी दिली. १९८१ साली त्यांचे निधन झाले, आणि २०२१ साली त्यांच्या संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

गोष्ट संपल्यावर दोन बाबींकडे मुलांचे लक्ष वेधावे.

पहिली बाब काळाची. मुलांना फळ्यावर १९६१ मधून १९२१ वजा करण्यास सांगावे. उत्तर ४० येईल. संस्थेचा आरंभ आणि हा राष्ट्रीय सन्मान यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली. पदवी मिळेल म्हणून कोणी चाळीस वर्षे रात्री-अपरात्री उठून बाळंतिणीची शुश्रूषा करीत नाही. तेव्हा सन्मान हे सेवेचे कारण नव्हे. सन्मान सेवेच्या मागून येतो, आणि कित्येकदा येतही नाही.

दुसरी बाब नावांची. पदवीच्या मानपत्रावर एकच नाव मावते. परंतु आरंभ दोघींनी केला होता. त्यांच्या पाठोपाठ पाणी तापविणारे, कपडे धुणारे, वर्गणी गोळा करणारे असे किती हात लागले असतील, याची कल्पना मुलांना करू द्यावी. प्रत्येक गौरविलेल्या नावाच्या शेजारी न घेतलेली नावे असतात. ती शोधणे हे आपल्या पाठाचे मुख्य काम आहे.

भाग दुसरा : खराटा घेतलेला पाहुणा

नागपूरहून पश्चिमेस असलेल्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे हातातल्या मातीच्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते ज्या गावी जात तेथे प्रथम खराटा हाती घेऊन रस्ते झाडीत, आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडीत. त्यांच्या प्रेरणेने ठिकठिकाणी धर्मशाळा व घाट उभे राहिले. परंतु स्वतःच्या पाया ते कोणास पडू देत नसत आणि मानपानापासून दूर राहत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्याला हार नको, त्याचा गौरव कसा करावा? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात सापडते. या अभियानात बक्षीस एका व्यक्तीस मिळत नाही, गावास मिळते. आणि तेही संपूर्ण गाव स्वच्छ झाले तरच. बाबांच्या नावाचा मान राखायचा तर प्रत्येक घराने आपले अंगण व आपली गटार स्वच्छ केली पाहिजे, अशी ही योजना आहे. ज्याच्या हातात खराटा होता त्याचा गौरव खराटा हाती घेऊनच होतो, हे मुलांना सहज उमगेल.

भाग तिसरा : गावातील शोध

आता मुलांनी वर्गाबाहेर पडावे. चार-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटास गावाचा एक भाग वाटून द्यावा. कोणाचे काम मोठे, असे मुलांनी विचारू नये. तसे विचारल्यास पुन्हा तीच ठराविक नावे पुढे येतात. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत :

- पावसाळ्यात नाल्याला पूर आला म्हणजे लहान मुलांना हात धरून पलीकडे कोण नेते?
- उन्हाळ्यात गुराढोरांच्या हौदात पाणी कोण सोडते?
- रात्री कोणी आजारी पडल्यास प्रथम कोणाचे दार ठोठावले जाते?
- मयताच्या घरी न बोलावता कोण जाते व सरणाची व्यवस्था कोण पाहते?
- निरक्षर माणसांचे अर्ज व पत्रे कोण लिहून देते?
- हे काम ती व्यक्ती किती वर्षांपासून करीत आहे?
- उद्या ती व्यक्ती गावात नसेल तर काय अडेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच्या उत्तरावरून कामाचे खरे मोल कळते.

मिळालेली माहिती मुलांनी वहीत एकेका वाक्यात लिहावी. 'त्या फार चांगल्या आहेत' हे वाक्य नोंद म्हणून स्वीकारू नये. 'त्या दर बुधवारी नळाच्या ओट्यावरील शेवाळ घासतात' ही नोंद होय. स्तुती विसरली जाते, नोंद टिकते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचून दाखवावे आणि त्यांची संमती घ्यावी. एखाद्याने 'माझे नाव नको' असे म्हटल्यास त्याच्या इच्छेचा मान ठेवावा. गाडगेबाबांची गोष्ट त्या वेळी मुलांना आठवून द्यावी.

सन्मान आणि मोबदला

येथे एका विषयाचे स्पष्टीकरण वर्गात अवश्य व्हावे. स्वेच्छेने केलेली सेवा वेगळी आणि ज्याचा मोबदला देणे आहे असे काम वेगळे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा स्वयंसेविका आल्या. त्यांच्या नावात 'स्वयंसेविका' हा शब्द असला, तरी गरोदर मातांची नोंद, लसीकरणासाठी बालकांस बोलावणे अशी ठरलेली कामे त्या करतात आणि त्यांबद्दल मोबदला मिळणे हा त्यांचा हक्क आहे. शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनींचेही तसेच. मानधन वेळेवर न देता वर्षातून एकदा शाल पांघरणे हा गौरव नव्हे. शाल ही देण्याची जागा घेऊ शकत नाही. मुले अजून लहान आहेत असे समजून हा भाग गाळू नये. कष्टाचा न्याय त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतो.

समारंभाची रीत

शासनाने २०२३ सालापासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जयंतीदिनी, ३१ मे रोजी, प्रत्येक ग्रामपंचायतीत सामाजिक काम करणाऱ्या दोन महिलांचा सन्मान करण्याची योजना आखली. गावपातळीवरील कामाची दखल गावातच घेतली जावी, हा विचार स्तुत्य आहे. मात्र मे महिन्यात आपल्या शाळा उन्हाळी सुटीमुळे बंद असतात. म्हणून शाळेने आपला कार्यक्रम २० डिसेंबर अथवा २३ फेब्रुवारी, म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी वा जयंती, या दिवशी ठेवावा आणि मुलांनी केलेली नोंदवही ग्रामपंचायतीस पाहावयास द्यावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीतील काही पाने मुलांनी वाचून दाखविल्यास अधिक चांगले.

कार्यक्रम साधा असावा. पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) सत्कारमूर्ती पुढे बसाव्यात. पाहुण्यांनी व शिक्षकांनी मागे बसावे.
(२) भाषणे नसावीत. मुलांनी आपली नोंद वाचावी, तेवढे पुरे.
(३) सर्व नावे एकाच क्रमाने, वयानुसार घ्यावीत. पहिला, दुसरा असे क्रमांक देऊ नयेत. सेवेत स्पर्धा आली की सेवा मागे पडते.
(४) त्या दिवशी पाणी देणे, सतरंज्या घालणे व उचलणे ही कामे सत्कारमूर्तींपैकी कोणाकडेही येऊ देऊ नयेत.
(५) वर्गाने एका कामाचा भार एका महिन्यापुरता उचलावा. जे हौद भरतात त्यांच्याबरोबर मुलांनी आठवड्यातून एक दिवस हौद भरावा. अर्थात, नाल्याच्या पुरासारखी धोक्याची कामे यातून वगळावीत.

चौथा नियम मी माझ्या चुकीतून शिकलो आहे. पाचवा नियम या साऱ्या पाठाचे सार आहे. समारंभ एका तासात संपतो. परंतु हौदावर बादली ओतणाऱ्या मुलाला तिचे वजन एकदा कळले म्हणजे त्या कामाकडे आणि ते करणाऱ्या माणसाकडे पाहण्याची त्याची दृष्टी कायमची बदलते.

स्वाध्याय

१. कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी कोणती संस्था स्थापन केली? कोणत्या साली?
२. त्या काळी बाळंतिणी व नवजात बालके का दगावत? दोन कारणे लिहा.
३. ग्रामस्वच्छता अभियानाचे बक्षीस एका व्यक्तीस न देता गावास का दिले जाते?
४. सेवा आणि मोबदल्याचे काम यांतील फरक तुमच्या गावातील उदाहरण देऊन सांगा.
५. तुमच्या शाळेतील पाण्याचा रांजण, टाकी किंवा माठ रोज कोण भरते? त्या व्यक्तीचे पूर्ण नाव लिहा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गातील किती मुलांना लिहिता येते, ते शिक्षकांनी पाहावे. आणि मुलांच्या वह्या तपासण्यापूर्वी आपल्याला ते लिहिता येते काय, हेही पाहावे.