मूल उशिरा झाले तर

परवा आमच्या रात्रीच्या वर्गात टीव्हीवरून बोलणे निघाले. एक मावशी म्हणाल्या, "टीव्हीवरच्या नटीला ४५ व्या वर्षी मूल झालं. आमची सून ३६ ची. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी पाळणा हलत नाही. तिच्यातच खोट असणार."

सून शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली.

आम्ही म्हणालो, "मावशी, जरा समजून घेऊ या."

बाईच्या पोटातील बीजे जन्मापासूनच ठरलेली असतात. वय वाढते तशी ती कमी होतात. ३५ नंतर लवकर घटतात. म्हणून दिवस राहणे अवघड जाते. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. टीव्हीवर नटी दिसते, तिचे औषधपाणी दिसत नाही.

दुसरी गोष्ट. मूल दोघांचे असते. दोष पुरुषातही असू शकतो. तंबाखू, विडी, दारू यांनी पुरुषाचे बीज दुबळे होते. बायकांची मिसरी म्हणजेही तंबाखूच. तीही सोडावी.

वर्षभर वाट पाहावी. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहाच महिने. मग दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. तेव्हापासून उपाय वाढले आहेत. मात्र वेळ दवडू नये.

मावशी गप्प झाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "उद्या त्यालाही दवाखान्यात ने. त्याची तंबाखूची चंची मी आजच काढून घेते."

सुनेने मान वर केली.