पत्त्यांची वही : कागदावरची आणि संगणकातली

पत्त्यांची वही कशासाठी ठेवायची, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा 'पत्ते लिहून ठेवण्यासाठी' असे देतो. हे उत्तर अपुरे आहे. लिहून ठेवणे सोपे असते. हवा तेव्हा हवा तोच पत्ता सापडणे अवघड असते. वहीची खरी परीक्षा लिहिताना होत नाही, ती शोधताना होते. घरगुती संगणकावर पत्त्यांची यादी कशी ठेवावी याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. परंतु त्याआधी एका फार जुन्या वहीकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

वाराणसीत शिंदे घाट ओलांडून उत्तरेकडे गेले की संकठा घाट लागतो. संकटा देवीच्या देवळावरून त्याला हे नाव पडले. पुढे भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट अशी नावे येतात आणि मराठी माणसाचा काशीशी असलेला जुना संबंध त्यांतून दिसतो. घाटांच्या वरच्या अंगाला अरुंद गल्ल्यांचे दाट जाळे आहे. येथील घरांचे क्रमांक 'सीके' या अक्षरांनी सुरू होतात. त्यांच्यापुढे एक आकडा, मग तिरकी रेघ आणि मग दुसरा आकडा असतो. नवख्याला एवढ्यावरून घर सापडेलच असे नाही. त्याला देऊळ, वाडा किंवा घाट यांची खूण सांगावी लागते.

या क्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंची नोंद तीर्थपुरोहितांच्या वह्यांत होत आली आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडेही अशाच वह्या आहेत. त्यांना आपण नामावळी म्हणतो. यात्रेकरू आपले नाव, वडिलांचे व आजोबांचे नाव, भावांची व मुलांची नावे सांगतो आणि पुष्कळदा स्वतःच्या हाताने नोंद करून खाली सही करतो. काही पिढ्यांनंतर त्याच घराण्यातील कोणी आला की उपाध्याय त्याला पहिला प्रश्न विचारतात : 'मूळ गाव कोणते?'

या प्रश्नात त्या वहीची सारी रचना सामावलेली आहे. माणसाचे नाव एकासारखे दुसऱ्याचे असू शकते. राहण्याचे ठिकाण नोकरी-व्यवसायामुळे बदलते. मूळ गाव मात्र बदलत नाही आणि विसरलेही जात नाही. म्हणून वह्या गावांप्रमाणे, आणि गावात आडनाव, जात व कुळ यांप्रमाणे लावलेल्या असतात. जी गोष्ट सर्वांत कमी बदलते, तिलाच शोधाची किल्ली केलेले आहे. संगणकावर यादी करणाऱ्याने या वह्यांपासून घ्यावयाचा पहिला धडा हाच होय.

यंत्राची मर्यादा आणि नोंदीचे माप

उदाहरणादाखल आपण सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक घेऊ. तो १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. त्याचीच स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्याने भारतात विकली. घरातील दूरचित्रवाणी संच हा त्याचा पडदा आणि साधा कॅसेट रेकॉर्डर हे त्याचे कपाट. त्याच्या मोठ्या नमुन्यात ४९,१५२ अक्षरे मावतील एवढी स्मृती होती. त्यांतील ६,९१२ जागा पडद्यावरील चित्रासाठीच खर्च होत आणि इतर व्यवस्था वजा जाता वापरणाऱ्याच्या हाती सुमारे ४१ हजार जागा उरत.

एवढ्या जागेत किती पत्ते मावतील? स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेत 'डिम' ही आज्ञा देऊन अक्षरांचा तक्ता आखता येतो. या तक्त्यातील प्रत्येक ओळीची लांबी सारखी असते. नाव लहान असले तर उरलेली जागा यंत्र कोऱ्या अक्षरांनी भरते. मोठे असले तर शेपूट कापले जाते. म्हणून आधी कागद घेऊन नोंदीचे माप ठरवावे. समजा, नावासाठी २४ अक्षरे, घर व गल्लीसाठी ३६, शहरासाठी १६, पिनसाठी ६ आणि मूळ गावासाठी १८ अक्षरे ठेवली. एकूण १०० झाली. अशा ३०० नोंदींना ३०,००० जागा लागतील आणि आज्ञावलीसाठी सुमारे ११ हजार जागा उरतील. एका कुटुंबाच्या सोयऱ्याधायऱ्यांसाठी, किंवा लहान ग्रंथालयाच्या सभासदांसाठी एवढे पुरेसे आहे.

लिपीची अडचण मात्र मोठी होती. या यंत्रावर रोमन अक्षरे तयार असत. वापरणाऱ्याला स्वतःची अक्षरे रेखाटण्याची सोय होती. पण ती फक्त २१ अक्षरांपुरती, आणि प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच एवढ्या चौकटीत बसवावे लागे. मराठीतील व्यंजनेच तीसहून अधिक. मात्रा आणि जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे मराठी नावे रोमन लिपीत लिहिणे भाग पडे. एकच 'चव्हाण' आडनाव त्या लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. माणसाला ती एकच वाटतात. यंत्राला ती निराळी वाटतात. मोठी व लहान लिपीतील रोमन अक्षरेसुद्धा ते वेगळी मानते. म्हणून लेखनाचा एक नियम ठरवून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

शोध कसा चालतो

सर्वांत साधी रीत अशी : यंत्र पहिल्या नोंदीपासून सुरुवात करते, दिलेले नाव नोंदीतील नावाशी ताडून पाहते आणि जुळले नाही तर पुढे जाते. येथे एक बारकावा आहे. 'जोशी' एवढेच शोधायला सांगितले आणि नोंदीत २४ अक्षरांची संपूर्ण ओळ असली, तर दोन्ही जुळणार नाहीत. विचारलेला शब्द जेवढा लांब, तेवढाच नोंदीचा आरंभीचा भाग कापून ताडावा लागतो. आडनाव आधी लिहिण्याची पद्धत यासाठीच सोयीची.

३०० नोंदींत अशा रीतीने शोधताना शेवटपर्यंत जावे लागले तर ३०० वेळा ताडणी होते. यादी वर्णानुक्रमे लावलेली असेल तर मधली नोंद पाहावी, हवे ते नाव तिच्या आधी की नंतर ते ठरवावे आणि अर्धी यादी बाजूला टाकावी. असे केल्यास जास्तीत जास्त नऊ ताडण्यांत काम होते. शब्दकोश उघडताना आपणही नकळत हेच करतो.

परंतु नावाप्रमाणे लावलेली यादी मूळ गावाच्या शोधाला उपयोगी पडत नाही. तिच्यासाठी सगळ्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. गावांच्या क्रमाने केवळ नोंदींचे क्रमांक मांडलेली दुसरी सूची केली की झाले. स्पेक्ट्रमवर एका आकड्याला पाच जागा लागतात. ३०० क्रमांकांना १,५०० पुरतात. अल्प खर्चात वहीला दुसरे दार मिळते.

पिन : ठरवून घेतलेली किल्ली

वाराणसी, बनारस आणि काशी ही एकाच शहराची नावे आहेत. उलट, वडगाव किंवा पिंपळगाव या एकेका नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. माणसाची ही अडचण टपालखात्याचीही होती. तिच्यावर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिनची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. पहिला अंक विभाग दाखवतो : वाराणसीचा २२१००१ हा दोनने, तर पुण्याचा ४११००१ चारने सुरू होतो. भाषा, लिपी व स्पेलिंग यांचा घोळ आकड्याला बाधत नाही. म्हणून शहराचे नाव काहीही लिहिले असले, तरी पिनवरून शोध अचूक लागतो.

जतन

संगणक बंद होताच त्याची स्मृती कोरी होते. म्हणून काम संपताच 'सेव्ह' आज्ञेने तक्ता फितीवर उतरवावा आणि लगेच 'व्हेरिफाय' देऊन तो नीट उतरला की नाही हे तपासावे. तीस हजार अक्षरांना सुमारे तीन मिनिटे लागतात. फिती दोन ठेवाव्यात आणि आळीपाळीने वापराव्यात.

एक धोका विशेष ध्यानात ठेवावा. आज्ञावली सुरू करण्यासाठी 'रन' म्हणण्याची सवय असते. पण स्पेक्ट्रमवर 'रन' म्हटले की स्मृतीतील सर्व तक्ते पुसले जातात. पत्ते स्मृतीत असताना 'गो टू' आज्ञेनेच आरंभीच्या ओळीकडे जावे. तीनशे माणसे एका शब्दाने नाहीशी होऊ शकतात, हे कागदाच्या वहीत घडत नाही.

स्पेक्ट्रमचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले. त्या काळच्या फिती आज वाचायच्या तर जुना रेकॉर्डर तरी चालू हवा, नाही तर फितीवरील आवाज नव्या संगणकात उतरवून त्याचा अर्थ लावणारी आज्ञावली तरी हवी. उपाध्यायांची वही वाचायला डोळे आणि लिपीचे ज्ञान एवढेच लागते. तिलाही वाळवी आणि ओल यांचे भय आहेच. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यास आरंभ केला, तो जतनासाठीच. मात्र चित्रातील पान नेमके कोणत्या गावाचे, हे सांगणारी सूची सोबत नसेल तर हजारो पानांतून एक नाव काढणे पूर्वीइतकेच कठीण राहते. जतन केलेले आणि सापडणारे या दोन गोष्टी एक नव्हेत.

वाचकाने करून पाहावे

आपल्या घरातील पत्त्यांची वही घ्यावी. तिच्यातील दहा नोंदी निवडून प्रत्येकीसाठी तीन प्रश्न विचारावेत : या नोंदीतील कोणती गोष्ट वीस वर्षांत बदलेल? कोणती बदलणार नाही? आणि हे नाव आपल्या नातवाला शोधायचे झाले तर तो कोणत्या शब्दाने शोधेल? या तिसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर येईल, त्यासाठी प्रत्येक नोंदीत एक रकाना राखून ठेवावा. मग यादी कागदावर ठेवावी की यंत्रात, हा सोयीचा प्रश्न उरतो. यंत्रात ठेवल्यास वर्षातून एकदा ती छापून एक प्रत घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावी.