गेट पासच्या आधी ईएसआय नंबर

चाकण पट्ट्यात कंत्राटी कामगाराला दुखापत झाली की तिचा भार तिघांनी उचलायचा असतो: तो ज्या कारखान्यात काम करतो तो कारखाना, त्याला तिथे पाठवणारी मनुष्यबळ एजन्सी आणि राज्य कामगार विमा योजना (ईएसआय). कोणाच्या वाट्याला किती येणार, याचा निकाल अपघातानंतर लागत नाही. कामगार पहिल्या दिवशी गेटातून आत गेला तेव्हा त्याचे कोणते कागद तयार होते, यावर तो आधीच लागलेला असतो. येथे दिलेल्या सूचना एजन्सी चालवणाऱ्यांसाठी आहेत आणि त्या याच पट्ट्यात माणसे पुरवताना आलेल्या अनुभवातून निघालेल्या आहेत.

महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली, कुरुळी, नाणेकरवाडी ही खेड तालुक्यातली गावे. एमआयडीसीच्या एकेका टप्प्यासाठी या भागातल्या जमिनी गेल्या. वाहनांचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या व्हेंडरांच्या शेडा उभ्या राहिल्या. जमिनी गेलेल्या घरांनी नोकऱ्या मागितल्या. अनेकांच्या पदरात पडली ती कंत्राटे. कोणाला कामगारांच्या बसचे, कोणाला पाण्याच्या टँकरचे, कोणाला कॅन्टीनचे, कोणाला माणसे पुरवण्याचे. त्यामुळे आज बऱ्याच ठिकाणी एजन्सीचा मालक गावातला आणि लाइनवर उभा राहणारा मुलगा बीड, लातूर, नांदेड, यवतमाळचा, नाहीतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा, असे चित्र दिसते.

शासनाचे धोरण वेगळे सांगते. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर किमान ८० टक्के स्थानिक घ्यावेत. मात्र तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहिलेली व्यक्ती. खेड तालुक्याचा रहिवासी नव्हे. बीडचा मुलगा या हिशोबात स्थानिकच. हरियाणाने स्थानिकांसाठी ७५ टक्के आरक्षणाचा थेट कायदा केला होता. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रद्द केला. टक्केवारीचा वाद चालू राहील. एजन्सीच्या रोजच्या कामात खरा प्रश्न निराळा असतो: कायम नोकरीची आशा नसलेल्या, बारा-बारा तासांच्या कंत्राटी कामावर गावातला मुलगा टिकत नाही, आणि जो टिकतो त्याच्यामागे इथे कोणी नसते.

दुखापतीच्या वेळी हा फरक ठळक होतो. गावातल्या मुलाचे बोट गेले तर तासाभरात चुलते, मित्र, ग्रामपंचायतीतले सदस्य गेटावर येतात आणि कंपनीचा एच.आर. स्वतः रुग्णालयात जातो. परगावच्या मुलाच्या उशाशी फार तर रूममधला जोडीदार असतो, आणि त्यालाही दुसऱ्या पाळीला पोहोचायचे असते. ज्याच्यासाठी गेटावर कोणी येणार नाही, त्याच्यासाठी उभे राहणे हे एजन्सीचेच काम आहे. ते टाळणाऱ्याने हा व्यवसाय करू नये.

चाकण-भोसरी भागातील गंभीर दुखापतींत बोटे चिरडण्याचा प्रकार वारंवार दिसतो, आणि तो बहुधा पॉवर प्रेसवर घडतो. रोबो बसवलेल्या मोठ्या कंपनीच्या लाइनवर नव्हे, तर तिला ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर पुरवणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या शेडमध्ये. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वाहन उद्योगातील अशा दुखापतींचे अहवाल काढते. सुरुवात गुडगाव-मानेसर पट्ट्यापासून झाली, पुढे महाराष्ट्रही त्यात आला. जखमींत कंत्राटी आणि स्थलांतरित कामगार जास्त असतात आणि अनेकांच्या हाती विम्याचे कार्ड अपघात झाल्यावरच पडते, हे त्या अहवालांतून पुन्हा पुन्हा समोर आले आहे.

माणसे देण्यापूर्वी एजन्सीच्या माणसाने शेडमध्ये जाऊन प्रेस पाहिलाच पाहिजे, आणि काय पाहायचे हे त्याला कळले पाहिजे. जुन्या प्रेसना पिन-क्लच असतो. तो झिजला की पेडल एकदा दाबले तरी स्लाइड दोनदा खाली येते. कामगार याला डबल स्ट्रोक म्हणतात. पहिल्या स्ट्रोकनंतर जॉब काढायला हात डायमध्ये गेलेला असतो, तेवढ्यात दुसरा स्ट्रोक येतो. अशा प्रेसवर सेन्सर बसवून काम भागत नाही, कारण पिन-क्लचचा स्ट्रोक एकदा सुरू झाला की मध्येच थांबत नाही. तिथे हात आत जाऊच शकणार नाही असे पक्के गार्ड लागते. दोन्ही हातांनी दाबायची बटणे असली तरी त्यातले एक टेप लावून कायमचे दाबून ठेवलेले नाही ना, हे वाकून पाहावे लागते. प्रॉडक्शन वाढवायचे म्हणून सेन्सर बायपास करून ठेवलेला असतो, तो बहुधा रात्रपाळीत. म्हणून पाहणी रात्रपाळीतही व्हायला हवी. शेडला कारखान्याचा परवाना आहे का, हेही विचारावे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागून महिला कामगारांचे बळी गेले. ती शेड परवानगीविना चालत होती. अशा ठिकाणी एकही माणूस देऊ नये, दर कितीही चांगला असो.

यंत्राखालोखाल धोका असतो तो काम बदलण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या एजन्सीने एका व्हेंडरला मराठवाड्यातला एक मुलगा पॅकिंगसाठी दिला होता. तिसऱ्या पाळीत प्रेसचा ऑपरेटर आला नाही. सुपरवायझरने त्या मुलाला स्टुलावर बसवले, पेडल दाखवले आणि जॉब कसा सरकवायचा ते दोनदा करून दाखवले. तेवढेच त्याचे प्रशिक्षण. पहाटे त्याच्या उजव्या तर्जनीची दोन पेरे गेली. सकाळी एजन्सीला सुचवण्यात आले की रूमच्या दारात बोट सापडले असे रुग्णालयात लिहून द्यावे. पगार चालू राहील, औषधाचा खर्च कंपनी करेल. एजन्सीने तसे लिहून दिले नाही. रुजू झाला त्याच दिवशी त्याची विम्यात नोंद केलेली होती, म्हणून नकार देता आला. नोंद नसती तर तोच प्रस्ताव सोयीचा वाटला असता, आणि अशी प्रकरणे नेमकी याच टप्प्यावर दडपली जातात.

राज्य कामगार विमा योजनेत ज्याचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे तो कामगार येतो. ओव्हरटाइमची रक्कम ही मर्यादा ठरवताना धरत नाहीत. ओव्हरटाइम धरून पगार २१,००० च्या वर जातो असे दाखवून कामगाराला योजनेबाहेर ठेवण्याची युक्ती त्यामुळे चुकीची आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. नोंदणीला नियमाने दहा दिवसांची मुदत मिळते आणि बहुतेक एजन्सी तिच्यावर विसंबतात, कारण पहिल्या आठवड्यातच काम सोडून जाणारे पुष्कळ असतात. पण नवख्याला इजा होण्याचा धोकाही याच पहिल्या दिवसांत जास्त असतो. आधार कार्ड हातात असेल तर ऑनलाइन नोंदणीला फार वेळ लागत नाही. नंबर निघाल्याशिवाय गेट पास नाही, हा नियम एजन्सीने स्वतःच घालून घ्यावा. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. कामावर झालेल्या दुखापतीला तशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. अपघातानंतर घाईने केलेली नोंद मात्र विमा महामंडळाच्या चौकशीत लगेच उघडी पडते. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही काही अटींवर कामावरचा मानला जातो, हे चाकणच्या रस्त्यांवर दुचाकीने पाळीला जाणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावे.

अपघात झाल्यावरचा पहिला तास उपचारांचा असतो, कागदांचा नव्हे. अडकलेला हात ओढून काढू नये. प्रेस बंद करून, स्लाइड उलटी वर घेऊन तो सोडवावा. जखम स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले तर पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. कॅन्टीनमधल्या बर्फाच्या भांड्यात बोट टाकून आणलेली माणसे रुग्णालयात येतात. शिफ्टच्या सुपरवायझरला ही एक गोष्ट शिकवली तरी एखादे बोट वाचेल.

राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय चिंचवडला मोहननगरात आहे. चाकणहून तिथे जायचे म्हणजे आंबेठाण चौक, तळेगाव चौक आणि नाशिक महामार्गावरची मोशीपर्यंतची कोंडी पार करायची. पाळी सुटण्याच्या वेळी हा प्रवास किती लांबेल ते सांगता येत नाही. म्हणून जवळ हाताची शस्त्रक्रिया कुठे होते आणि तिथे विम्याचे कार्ड चालते का, हे आधीच विचारून त्याची यादी प्रत्येक शिफ्टच्या सुपरवायझरकडे द्यावी. आणीबाणीत जवळच्या खासगी रुग्णालयात न्यावे लागले तर खर्चाची परतफेड मागता येते. त्यासाठी तातडी का होती हे डॉक्टरांच्या कागदात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. आणि पहिल्या केसपेपरवर अपघाताचे खरे कारण लिहून घ्यावे: कोणते यंत्र, किती वाजता, कुठल्या कारखान्यात. पुढचे सगळे त्या ओळीवर अवलंबून असते.

त्यानंतर अपघात नोंदवहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद आणि फॉर्म १२ मधला अहवाल विमा कार्यालयाकडे. हे एजन्सीने स्वतः आणि ताबडतोब करावे. कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकणार नसेल तर कारखान्याला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावे लागते. इथेच ओढाताण सुरू होते. अनेक कारखान्यांच्या गेटावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो. तो आकडा पुन्हा शून्यावर येऊ नये म्हणून जखमी मुलाची हजेरी लावत राहण्याची गळ एजन्सीला घातली जाते. वरवर यात कामगाराचे भलेच दिसते, कारण त्याला पूर्ण पगार मिळतो. पण हजेरी लागली त्या दिवसांचा अपंगत्व लाभ त्याला मिळत नाही, आणि अहवाल नसल्याने पुढे अपंगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे अपघात सिद्ध करता येत नाही. दोन महिन्यांच्या पगाराच्या बदल्यात त्याचा आयुष्यभराचा हक्क जातो.

तो हक्क किती असतो, हे आकड्यांत मांडले तरच कामगाराला पटते. रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये धरली तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ तिच्या ९० टक्के, म्हणजे रोज ५४० रुपये. कायमच्या इजेसाठी कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते कायद्याच्या परिशिष्टात दिले आहे: पूर्ण अंगठा ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, तर्जनीची दोन पेरे ११, एका हाताची चारही बोटे ५०. वरच्या मुलाच्या बाबतीत ५४० चे ११ टक्के म्हणजे रोज ५९ रुपये ४० पैसे, महिन्याला सुमारे १,७८२ रुपये, तेही हयातभर आणि नोकरी बदलली तरी. स्वस्त दर देण्यासाठी एजन्सीने विम्यात ६०० ऐवजी ४०० रुपये मजुरी दाखवली असती, तर हीच रक्कम महिन्याला १,१८८ वर आली असती. दर पाडून कंत्राट मिळवणाऱ्यांनी हा फरक नजरेसमोर ठेवावा. तो त्यांच्या खिशातून जात नाही, त्या मुलाच्या जातो.

विम्याच्या मर्यादेबाहेरच्या कामगारांना १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या तत्त्वाने एकरकमी भरपाई मिळते. तिच्यासाठी एजन्सीने वेगळी पॉलिसी घ्यावी, लोक तिला डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात. देय झाल्यापासून महिन्याभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजन्सीने हात वर केले तर भरपाई मूळ मालकाकडून वसूल होते, आणि तो ती एजन्सीकडून घेऊ शकतो. शिकाऊ उमेदवार राज्य कामगार विम्यात येत नाहीत, पण प्रशिक्षण घेताना झालेल्या इजेची भरपाई मालकाला द्यावीच लागते. ‘तो ट्रेनी आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे चार कामगार संहितांत सामावले गेले आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले. ज्या एजन्सी केवळ फोनवर बोलावून माणूस गेटावर उभा करत होत्या, त्यांना आता तसे करता येणार नाही.

कंपनीशी करार करताना तीन मुद्दे लेखी हवेत: कामगाराचा विभाग एजन्सीच्या संमतीशिवाय बदलणार नाही, गार्ड नसलेल्या यंत्रावरून माणूस काढून घेण्याचा अधिकार एजन्सीला राहील, अपघाताची माहिती त्याच पाळीत कळवली जाईल. पहिल्या मुद्द्यावर कंपन्या सर्वांत जास्त अडून बसतात, आणि म्हणूनच तो सोडता कामा नये. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही. गेट पास बंद करून त्याला घरी बसवणे हे काढण्यासारखेच आहे. बरा होऊन आल्यावर त्याला त्याच प्रेसवर पाठवू नये. तपासणी, पॅकिंग, स्टोअर असे काम आधी ठरवून ठेवावे. दुसरी जागा नसेल तर एजन्सीने आपल्या दुसऱ्या साइटवर द्यावे.

पुष्कळ मुले मात्र परत येत नाहीत. रूमचे भाडे आणि मेसचे पैसे थकतात, आई-वडील बोलावतात आणि मुलगा पट्टी बांधलेल्या हाताने गावी जातो. म्हणून तो निघण्यापूर्वी त्याच्या बँक खात्याची नोंद तपासावी, विम्याच्या ई-पहचान कार्डाची, अपघात अहवालाची आणि केसपेपरची प्रत त्याच्या हातात द्यावी, गावाजवळचे विमा कार्यालय कोणते ते लिहून द्यावे, आणि वैद्यकीय मंडळाची तारीख आली की त्याला फोन करावा. मंडळापुढे तो उभा राहिला नाही तर कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरत नाही आणि महिन्याची रक्कम सुरू होत नाही.